काळी पाटी आणि बायजाकाकीची हाक

माझ्या कामाच्या पडद्याकडे बघून लोकांनी मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, "बंद पडलाय का हो?"

बंद नसतो. चांगला चालू असतो आणि मी त्यावर काम करत असते. फक्त तो काळा असतो, त्यावर पांढरी अक्षरं असतात, आणि माऊसचा बाण इकडेतिकडे बागडत नसतो. महाडात पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत बसून मी अर्ध्याहून जास्त आयुष्य प्रोग्राम लिहिण्यात घालवलं. दिवाळी अंकाच्या संपादकांना वाटलं, संगणकातल्या बाई म्हणजे काहीतरी भव्य सांगतील. त्यांची मी आधीच माफी मागते. मी सांगणार आहे ते एका फार छोट्या एडिटरबद्दल आणि बऱ्याच म्हशींबद्दल.

या धंद्यात नसलेल्यांसाठी थोडं सांगते. प्रोग्राम म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचना, एकाखाली एक लिहिलेल्या. त्या लिहायला जे लागतं त्याला एडिटर म्हणतात. हल्ली त्यासाठी मोठमोठी सॉफ्टवेअर मिळतात. तुम्ही अर्धा शब्द लिहा, ते उरलेला लिहून देतं. चूक केलीत की लाल रेघ मारतं. पुण्याचा माझा मुलगा असलंच एक वापरतो. सकाळी ते सुरू करायचं, मग चहा टाकायचा, चहा पिऊन झाला की ते विचारतं, नवीन आवृत्ती आली आहे, घेऊ का?

माझ्या एडिटरचं नाव नॅनो. डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडतो आणि काहीही विचारत नाही. सगळा काळा पडदा तुमचा. तळाला दोन ओळींत कुठलं बटण काय करतं ते लिहिलेलं असतं, तेवढीच काय ती सजावट. कीबोर्डावरचं कंट्रोल नावाचं बटण दाबून धरायचं आणि एक अक्षर दाबायचं. के दाबलं की ओळ कापली जाते, ओ दाबलं की लिहिलेलं जतन होतं, एक्स दाबलं की बाहेर. सगळा कारभार त्या कंट्रोलवर. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागात मी एडिटर उघडते, खालच्या अर्ध्यात दुसरी खिडकी, तिथे लिहिलेला प्रोग्राम चालवून बघायचा. वर लिहा, खाली चालवा, बोंबललं की वर दुरुस्त करा. मुलाचं ते मोठं सॉफ्टवेअरही शेवटी हेच करतं, फक्त नटूनथटून. मी माझ्या पडद्याला पाटी म्हणते.

पूर्वी मीही नटलेलंच वापरायचे. मग महापुराच्या वर्षी सावित्री नदी गिरणीत शिरली, जिन्याने वर आली आणि माझा मोठा संगणक आतून गाळाने भरून गेली. वाचला तो माळ्यावर पापडांच्या डब्यामागे ठेवलेला जुना, चिमुकला लॅपटॉप. मोठं सॉफ्टवेअर त्याच्यात घातलं की त्याला धाप लागायची. म्हणून नाइलाजाने पाटी धरली, आणि मग दुसरं काही नकोसंच झालं. वाईट एवढंच वाटतं, की ही अक्कल यायला नदीला जिना चढून यावं लागलं.

गिऱ्हाइकांना मात्र काळा पडदा सोसत नाही. दासगावचे एक मंगल कार्यालयवाले भांड्यांचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम करून घ्यायला आले होते. पाटी बघून खुर्चीत बसेनात. "मॅडम, शुभकार्याचं आहे हो. काळं नको." मी एक सूचना लिहून सगळी अक्षरं हिरवी केली. त्यांचा चेहरा खुलला. लगेच बायकोला फोन: "अगं, कलर आला!" पुढे ते मला दर वर्षी दिवाळीचा फराळ पाठवू लागले, आणि माझ्या अंगी त्या हिरव्या रंगापलीकडे काही गुण आहे असा त्यांचा आजही समज नाही.

तर विठूकाका. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या माथ्यावर धनगरांची एक वाडी आहे, तिथले ते. म्हशी, थोडी नाचणी, आणि मुंबईला गेलेली पोरं. एका दुपारी ते गिरणीचा जिना चढून आले, दारात चपला काढल्या, पाटीकडे बघितलं आणि काहीही न विचारता बसले. मला त्यांच्याबद्दल तिथेच आदर वाटला.

"म्याडम, आमची गाडी बंद व्हतेय," ते म्हणाले.

गाडी म्हणजे अंकुशची जीप. ती पोलादपुराहून रोज सकाळी वाडीच्या पायथ्याशी येते आणि संध्याकाळी माघारी आणून सोडते. पण अंकुशच्या येण्याला वेळेचा धरबंध नाही, कारण घाटात कधी ट्रक आडवा, कधी रस्त्याच्या कामामुळे गाड्यांची रांग. वाडीतली माणसं डोंगर उतरून जायची आणि जीप यायचीच नाही. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा कोणी उतरायचं नाही. आणि तिसऱ्यांदा अंकुश वेळेवर यायचा, तर पायथ्याशी चिटपाखरू नाही.

"मग फोन करून विचारा ना त्याला," मी म्हटलं.

"रेंज नाय. देवळाच्या खांबापाशी येते, ती पन खांबाच्या एकाच बाजूला. तिथं दिवसभर कोन उभं रानार?"

अंकुशला मी पोलादपूरच्या नाक्यावर गाठलं. माणूस वाईट नव्हता, कंटाळला होता. "ताई, रिकामी गाडी घेऊन परत फिरताना लाज वाटते वो. लोक हसतात. दसऱ्यापर्यंत बघतो. दसऱ्याला येतो, त्या दिवशी खाली मानसं दिसली तर चालू ठेवतो. नाय दिसली तर लाईन बदलतो."

एवढ्याने मी फार हलले नसते. पण विठूकाकांची नात रूपाली त्याच वर्षी पोलादपूरला अकरावीत गेली होती. वाडीतून अकरावी गाठलेली पहिली मुलगी. तिची आजी बायजाकाकी मला पहिल्याच भेटीत म्हणाली, "गाडी गेली तर पोरीची साळा गेली गो बाय. मग तिला काय, म्हशी हायतच. मला काय म्हशी वाईट नाय. पन तिला त्या आवडत नाय, आनि म्हशींना ती." हे ऐकल्यावर मागे फिरणं शक्य नव्हतं.

युक्ती साधी होती. देवळाच्या खांबाला रेंजच्या बाजूने एक जुना मोबाईल बांधायचा. त्याला तळहाताएवढा छोटा संगणक जोडायचा, वर सोलरचं पॅनेल. नाक्यावरून निघताना अंकुशने त्या मोबाईलला मिस्कॉल द्यायचा. मिस्कॉल आला की संगणकाने देवळावरचा भोंगा वाजवायचा. जीप घाट चढून पायथ्याशी पोचेपर्यंत वाडी डोंगर उतरून खाली. त्या छोट्या संगणकाला ना पडदा ना कीबोर्ड. आपल्या लॅपटॉपची वायर लावायची आणि पाटीवरून त्याच्या पोटात शिरून लिहायचं. मोठी सॉफ्टवेअर तिथे शिरत नाहीत, नॅनो शिरतो. देवळाच्या ओट्यावर मांडी घालून मी तो प्रोग्राम लिहिला आणि मला फार भारी वाटलं.

आता भोंग्यावर वाजवायचं काय, यावर बैठक बसली. सायरन नको, हे सगळे एका आवाजात म्हणाले. तळीये गाव दरडीखाली गेल्यापासून त्या डोंगरांत सायरन वाजला की माणसं दरड आली म्हणून घरं सोडून धावतात. भजन नको, कारण भजन लागलं की लोक बाहेर पडायच्याऐवजी आत बसतात. मग माणसाचा आवाज हवा. विठूकाकांनी पुढे होऊन आपला आवाज दिला. तो मी 'काका' नावाने साठवला आणि ऐकवला. "यो तर आजारी मानूस वाटतोय," बैठक म्हणाली. वाडीत खणखणीत आवाज एकच, बायजाकाकीचा. ती इकडे ओरडली की दरीपलीकडचा माणूस "ओ" देतो.

पण काकी मोबाईलसमोर उभी राहिली आणि तिचा आवाजच फुटेना. "मला असं उगाच उभ्यानं वराडता येत नाय गो. समोर कोनतरी पायजे."

म्हणून मग आम्ही तिला रोजच्या जागी, गोठ्याच्या दारात उभं केलं. समोर म्हशी. काकीने पदर खोचला आणि अशी हाक दिली की माझ्या हातातला मोबाईल थरथरला: "गाडी आली गोऽऽ! चला बिगीबिगी! हैऽऽ यो यो यो योऽऽ!"

"एक नंबर!" बैठक म्हणाली. तो आवाज मी 'काकी' नावाने साठवला. शेवटच्या त्या यो यो यो कडे एकाही माणसाचं लक्ष गेलं नाही. वाडीत ती हाक सगळे जन्मापासून रोज ऐकतात, त्यामुळे ती कोणाला ऐकूच येत नाही. मला ऐकू आली, पण मला वाटलं लोकगीताचा प्रकार असेल. विठूकाकांनी आणखी एक सुचवलं. "एकदा वराडून कोन ऐकतंय? कोनीतरी खांबावरचं बटन दाबीपर्यंत वराडू द्या." तेही मी आनंदाने लिहून टाकलं.

दसऱ्याला उद्घाटन. मुंबईची मंडळी आली होती. देवळासमोर रांगोळी, दाराला झेंडूचं तोरण, ताटात आपट्याची पानं. ओट्यावर वाडीतले सगळे कोयते, कुऱ्हाडी आणि विळे ओळीने पूजेला मांडलेले. खांबावरच्या संगणकाला वायरने जोडलेला माझा लॅपटॉप काकीने तसाच, उघडाच उचलला आणि दोन कोयत्यांच्या मध्ये ठेवला.

"काकी, त्याला नको!"

"का? तुझं हत्यार नाय ते?"

खरं सांगायचं तर मुलाच्या तोंडून "आई, अजून तेच काळं?" हे इतकी वर्षं ऐकल्यावर माझ्या पाटीला कोणीतरी हत्यार म्हटलं याने माझा ऊर भरून आला. काकीने लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, ओल्या कुंकवाच्या अक्षता वाहिल्या, फूल वाहिलं. मी हात जोडले. तेवढ्यात खाली, नाक्यावरून, अंकुशने मिस्कॉल दिला.

भोंगा कडाडला. गाडी आली गो! टाळ्या पडल्या. रूपाली आणि दहाबारा माणसं पिशव्या घेऊन तयारच होती, ती पाऊलवाटेकडे निघाली. भोंगा पुढे म्हणाला, हैऽऽ यो यो यो योऽऽ!

आणि डोंगर हलला.

आधी गवत हललं, मग शिंगं दिसली. पावसाळा नुकताच संपलेला, कमरेएवढ्या गवतात सगळ्या वाडीच्या म्हशी चरायला सोडलेल्या. त्यांना त्या हाकेचा अर्थ एकच माहीत होता: काकी आंबोण, म्हणजे पेंड-भुसा, घेऊन उभी आहे. रोज ही हाक त्यांना संध्याकाळी मिळायची. आज भर सकाळी मिळाली, आणि तीही भोंग्यातून, म्हणजे आंबोणही तसंच मोठं असणार. वरून आल्या, खालून आल्या, शेजारच्या वाडीच्यासुद्धा आल्या, ज्यांचा काकीशी काही संबंध नव्हता. रांगोळीवरून गेल्या. तोरण खाल्लं. आपट्याचं सोनं ताटासकट लुटलं. मुंबईची मंडळी ओट्यावर चढली आणि मोबाईलवर शूटिंग करू लागली. रूपाली आणि पिशव्यावाली माणसं पाऊलवाटेच्या तोंडाशी म्हशींत अडकली. बटण होतं खांबावर, आणि खांबाला चारी बाजूंनी म्हशी. भोंगा थांबेना, कारण बटण दाबेपर्यंत थांबायचं नाही असं मीच त्याला शिकवलं होतं.

बायजाकाकी मध्ये घुसली. "माघारी फिरा! हाट!" ती खालून ओरडायची, वरून तिचाच आवाज म्हणायचा, यो यो यो योऽऽ! म्हशी एकदा तिच्याकडे बघायच्या, एकदा भोंग्याकडे. शेवटी त्यांनी भोंग्याचं ऐकलं, कारण त्यातली काकी जास्त प्रेमाने बोलत होती.

"म्याडम, कायतरी करा!" विठूकाका ओरडले. "अंकुश येऊन पोचल! खाली एक मानूस नाय!"

मी कोयत्यांमधून लॅपटॉप ओढला. म्हटलं, आवाजच बदलते. प्रोग्रामात जिथे 'काकी' लिहिलंय तिथे 'काका' करायचं, मिटला प्रश्न. विठूकाकांच्या त्या आजारी आवाजाला एक रेडकू यायचं नाही. वरच्या खिडकीत त्या ओळीवर गेले आणि इंग्रजी अक्षरांत 'काका' लिहायला लागले. के दाबलं. अख्खी ओळ गायब. ए दाबलं, काही नाही. पुन्हा के, पुढची ओळ गायब. काका लिहिता लिहिता मी प्रोग्रामच खाऊन टाकत होते. माझ्या पाटीने इतक्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं. रूपाली म्हशींच्या पलीकडून माझ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. खाली घाटात जीपचा हॉर्न वाजला. तिची गाडी आली होती आणि मी तिची शाळा के के करून कापत बसले होते.

मग मला कीबोर्डावर कुंकू दिसलं. कंट्रोल बटणाच्या फटीत काकीच्या अक्षता जाऊन बसल्या होत्या आणि ओल्या कुंकवाने बटण दबलेलंच चिकटलं होतं. मी लिहीत होते अक्षरं, पाटीला मिळत होते हुकूम. पाटी बिचारी सांगितलेलं करत होती.

नखाने काढायला गेले, अक्षता आणखी आत. आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. चालू प्रोग्राम थांबवायचा हुकूम म्हणजे कंट्रोल आणि सी. कंट्रोल तर देवाच्या कृपेने दबलेलंच होतं. प्रोग्राम चालू होता ती खालची खिडकी धरली आणि एका बोटाने सी दाबलं.

भोंगा "यो यो" वरच गप्प झाला.

त्या शांततेत जीपचा पुन्हा हॉर्न ऐकू आला आणि मग इंजिनाचा आवाज. अंकुश गाडी वळवत होता.

ते बायजाकाकीला सहन झालं नाही. तिने पदर खोचला, एका म्हशीला ढुशी दिली, दुसरीच्या पोटाखालून वाकून निघाली आणि पाऊलवाटेने खाली धावत सुटली. "थांब रे अंकुशाऽऽ! जाव नको! हैऽऽ, थांऽऽब!"

ही हाक भोंग्यातली नव्हती, खरी होती. आणि काकी पळत होती, म्हणजे आंबोण खालीच आहे हे उघड होतं. म्हशी वळल्या आणि काकीच्या मागे डोंगर उतरू लागल्या. म्हशी चालल्या म्हणून म्हशीवाले मागे धावले. सगळे धावले म्हणून मुंबईची मंडळी शूटिंग करत धावली. रूपाली, पिशव्या, विठूकाका, आणि सगळ्यात शेवटी वायर उपटून लॅपटॉप छातीशी धरून मी.

अंकुशने मान वर करून बघितलं तेव्हा पाऊलवाटेवर धूळ होती, धुळीत काकी होती, काकीमागे आख्खी वाडी होती. तो जीपच्या टपावर चढला. पहिली म्हैस पोचली आणि तिने जीपचा दसऱ्याचा हार खायला घेतला.

"बास, बास!" अंकुश टपावरून हात जोडून म्हणाला. "दिसली मानसं! येतो! रोज येतो! पन हार खाऊन झाल्यावर यांना वर न्या!"

काकी जीपच्या बॉनेटला टेकून धापा टाकत होती. रूपाली तिच्या गळ्यात पडली. मला हसू आवरत नव्हतं आणि रडूही, आणि मी दोन्ही केलं.

कापलेल्या ओळी वाया गेल्या नाहीत. जतन करायचं ओ बटण मी दाबलं नव्हतं, त्यामुळे जुना प्रोग्राम जसाच्या तसा होता. अक्षता मी घरी येऊन सुईने काढल्या. एक आत राहिली आहे, ती राहू दिली. आता भोंग्यावर रूपालीचा आवाज लावला आहे, "गाडी निघाली आहे, पायथ्याशी या." म्हशी मान वर करून बघतसुद्धा नाहीत. म्हशींना रूपाली आवडत नाही, हे काकी म्हणाली होती ते खरंच आहे.

मला वाटलं होतं, आपला आवाज काढला म्हणून काकीला वाईट वाटेल. दिवाळीच्या आधी ती पोलादपूरच्या बाजाराला आली तेव्हा अंकुशच्याच जीपने पुढे महाडला आली, गिरणीचा जिना चढली आणि काळ्या पडद्यासमोर बसली. म्हणाली, "सकाळच्याला पोरीचाच ठेव. पन सांजच्याला अंकुश नाक्यावरून निघतो ना, तवा माजा लाव."

"काकी, पुन्हा म्हशी येतील!"

"येऊ देत की. सांजच्याला यायलाच पायजेत." तिने पदराने माझ्या कीबोर्डवरची पिठाची धूळ पुसली. "आनि त्या गाडीत ती पन असती."

मी पाटी उघडली आणि एक ओळ लिहिली. सूर्य कलल्यावर मिस्कॉल आला तर, काकी.

तेव्हापासून रोज संध्याकाळी नाक्यावरून मिस्कॉल जातो आणि डोंगरावर काकी हाक देते. म्हशी गोठ्यात येतात. थोड्या वेळाने पाऊलवाटेने रूपाली येते, दप्तर घेऊन, म्हशींना शिव्या देत.